दोन संस्थानांची एकच शिवण

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, सरळ व्हायला मात्र वेळ लागतो.) तुझ्या गुडघ्यांची सूज आणि दाजींचा राग, दोन्ही उतरलं असेल अशी आशा आहे. इकडे मी, तुझी भावजय आणि आपलं पुस्तकबांधणीचं दुकान ठणठणीत आहोत. पत्रास कारण काहीच नाही, म्हणून जरा लांबवतो.

आमचे जजसाहेब तुला आठवत असतील. निवृत्त झाले तरी दुकानात शिरताना सगळ्यांनी उठून उभं राहावं अशा नजरेने बघतात, तेच. त्यांनी संस्थानांवरचा आणि तिथल्या राजेमहाराजांवरचा एक जुना, जाडजूड ग्रंथ नव्याने बांधायला दिला. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की पुस्तक बांधावं, वाचू नये. मी तो आजवर पाळला. पण शिवण उसवताना सहज नजर गेली, तर एका महाराजांनी लाडक्या घोड्याला दिवाणाच्या वरची जागा दिलेली आणि दिवाण रुसून घरी बसलेला. मग कसली शिवण आणि कसलं काय! पुढे कित्येक दिवस मी गिऱ्हाइकांना "बोला, काय अर्ज आहे?" असं विचारत होतो म्हणे. एकदा तर आतल्या खोलीकडे तोंड करून "कोण आहे रे तिकडे!" अशी हाक मारली. तुझी भावजय आली, हातात झाडू घेऊन. तेव्हापासून चहा आपला मीच करून घेतो.

घोटाळा पुढेच झाला. शिवण उसवली की पुस्तकाचे सुटे जुडगे होतात, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. ग्रंथात एक महाराज वाघामागे धावणारे, पण निपुत्रिक. त्यांनी शेवटी दत्तक घेतला. दुसरे महाराज मांजर दिसलं तरी टेबलावर चढणारे, पण त्यांना सात मुलगे. पुढे काय झालं या ओढीने मी कधी ह्यांचा फर्मा वाचला, कधी त्यांचा, आणि वाचून झालेला गठ्ठ्यावर ठेवत गेलो. तोच गठ्ठा शिवला, खळ लावली, वर सोनेरी अक्षरं उठवली. ग्रंथकार सगळ्यांना नुसतं 'महाराज' म्हणतो, त्यामुळे संशय यायची सोयच नाही. वाघ मारणारे मांजराला बघून टेबलावर चढले आणि सात मुलांच्या बापाने दत्तक घेतला. (इतकी उलथापालथ संस्थानावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज रेसिडेंटसाहेबालाही जमली नसती.)

जजसाहेबांनी त्यावर वाचनमंडळात चक्क व्याख्यान दिलं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "सात मुलगे असताना दत्तक कशाला?" जजसाहेब जन्मात कधी अडले नाहीत. म्हणाले, "सातही बघितले होते ना त्यांनी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी जाऊन त्यांनी पानांचे आकडे बघितले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथ माझ्यासमोर आदळला. "तुम्ही परस्पर दोन संस्थानं विलीन केलीत!" मी मान खाली घातली. जाता जाता मात्र त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्यामागे हे दुकान कोणाकडे?" मी हसून वेळ मारून नेली. पण ताई, खरं सांगतो, वडिलांची ती लाकडी दाबयंत्रं भंगारात गेलेली डोळ्यांपुढे दिसली. असो. माझी काही मागणी नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मागणी आहे. तुझी धाकटी दुकानाला दत्तक दे. आडनाव, घर, आई सगळं तेच राहू दे, फक्त सकाळी इकडे पाठव. दाजी तिला त्यांच्या ऑफिसात चिकटवणार आहेत असं ऐकतो. ती तिथे वाळेल गं. सुट्टीत तिने घातलेली शिवण माझ्यापेक्षा सरळ होती.

ता. क. २. संस्थानिकांना दत्तकासाठी रेसिडेंटसाहेबाची परवानगी लागायची. आपल्याकडे ते पद तुझ्याकडे आहे, दाजींकडे नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'मामा-भाची पुस्तकबांधणी' ही पाटी रंगवून झाली आहे. रंग ओला आहे, नाही म्हणायचं तर लवकर म्हण.

ता. क. ३. जजसाहेबांचा ग्रंथ पुन्हा उसवून पानं लावणारा मी नव्हे. दर रविवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणाऱ्या एका मुलीने ते काम केलं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणारी अजून दारातच उभी असेल. रागावण्याआधी तिची बोटं बघ. वडिलांच्या बोटांवरही खळ अशीच वाळलेली असायची.