दीड दिवसाचे लंघन

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर तपासणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. येत्या सोमवारी माझ्या आतड्याची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे सर्जन म्हणतात. पण कारण नसताना काळजी न करणे मला जमत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आईकडून आलेले दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. पुढे तिला ‘धाकटी’ म्हटले आहे. मला दुसरी बहीण नाही.

२. नंबर तपासायच्या भिंगांची पेटी दुकानाच्या मालकांना द्यावी. “हे स्पष्ट दिसतं, की हे?” असे मी वीस वर्षे दिवसभर लोकांना विचारत आले. स्वतःला तितके विचारले नाही.

३. आरामखुर्ची तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना, एका अटीवर. त्यांनी माझ्या सुतळीला, म्हणजे सशाला, बिस्कीट देऊ नये. दोनदा रंगेहाथ पकडले आहे.

“मग गाजर तरी? चित्रातला प्रत्येक ससा गाजरच खातो की हो!”

“चित्रातल्या सशाचं पोट बिघडत नाही, काका.”

“तुमच्या सशापेक्षा माझा जावई परवडला.”

“मग बिस्किटं त्यालाच द्या.”

गाजर गोड असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही कधीतरी. हे मी काकांना लिहूनही दिले होते. त्या कागदावर त्यांनी कोणाच्या तरी बाहीचे माप टिपून ठेवले.

४. सुतळी, करड्या रंगाची मादी, वय चार, हिचा सांभाळ धाकटीने करावा. वाळके गवत दिवसरात्र समोर असावे, तिच्या अंगाएवढा ढीग. धुतलेला पाला दोन वेळा मूठभर. विकतचे दाणेदार खाद्य अगदी थोडे. काही मऊ लेंड्या ती परत तोंडात घेते. त्यात घाण काही नाही, तिचे अन्न तसेच दुसऱ्यांदा पचते. हटकू नये. कडक लेंड्या मात्र रोज बघाव्यात: गोल, सारख्या, भरपूर. त्या बारीक किंवा कमी झाल्या तर सावध व्हावे. अर्धा दिवस ती खात नसेल तर वाट न बघता डॉक्टर गाठावा.

यातले सगळे धाकटीला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. तरी लिहिले, कारण नऊ वर्षांत तिच्याशी इतके सलग बोलायला मिळालेले नाही. पूर्वी ती याच स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून तिच्या सशासाठी गवत निवडत बसायची आणि जाड काड्या माझ्या केसांत खोचायची. मी चिडायचे. आता घरात गवताचा वास तोच आहे, आणि केसांत काडी नाही.

५. रोजनिशीच्या बावीस वह्या धाकटीला. निळ्या वहीतली तीन पाने मी त्या वेळी कोरी ठेवली होती. त्यांत जे यायला हवे होते ते पुढच्या कलमात आहे.

६. नऊ वर्षांपूर्वी धाकटी कामासाठी तीन दिवस परगावी गेली आणि तिचा ससा, ढब्बू, माझ्याकडे ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पोट फुगलेले दिसले. आमच्या घरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर आईचे औषध एकच, लंघन. मी समोरचे गवत आणि पाला उचलला. दीड दिवस त्याला फक्त पाणी ठेवले. सशाचे पोट चालू राहते ते खाण्यावर, हे मला माहीत नव्हते. माहीत नसणे हा गुन्हा नाही, असे मी स्वतःला सांगत आले. पण संध्याकाळी तिचा फोन आला होता.

“ताई, खातोय ना गं?”

“खातोय की. तू तुझं काम कर.”

हे मात्र माहीत असून बोलले. ती परतली तेव्हा ढब्बू गेलेला होता. ती म्हणाली, “मी नवं गवत आणलं होतं ना, तेच बुरसलेलं असणार.” मी म्हणाले, “असेल.”

गवत चांगले होते. नंतर मी ते हुंगून, उन्हात धरून तपासले. तेव्हापासून धाकटीने ससा पाळला नाही, आणि या घरात ती पाहुण्यासारखी येते, चहा संपला की उठते.

७. हे कलम शुक्रवारी जोडले. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी मसुदा वाचला.

“हे तिला कळणार कधी?”

“माझ्या पश्चात.”

“म्हणजे तोवर गवत बुरसलेलंच?”

मी त्यांच्यावर रागावले, दोन दिवस. मग गुरुवारी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन धाकटीकडे गेले आणि कलम सहा तिला वाचून दाखवले. ‘असेल’ हा शब्द दोनदा वाचला. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

“नऊ वर्षं, ताई?” एवढेच म्हणाली.

माफ केले असे म्हणाली नाही. सुतळीला नेणार का, हे मी विचारले नाही. म्हणून कलम चार ही आज्ञा न मानता विनंती मानावी. मी चपला घालत होते तेव्हा आतून आवाज आला, “सोमवारी दवाखान्यात सोबत कोण आहे?”

कोणी नाही, असे मी खरे ते सांगितले.

“किती वाजता निघायचं?”

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. दुकानाशेजारचे औषधविक्रेते (सही)

शिंपीकाकांना साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको, असे वकिलांनी सांगितले. काकांनी खुर्ची निवडली.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: अकरा, शनिवार, सकाळ