हजेरी समजून रांगेत उभ्या राहिलेल्या बायका

माय, परवा आमच्या कॉलेजात त्या फौजदाराचा सत्कार आहे आणि त्याची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. माणूस तोच का, म्हणून मी निमंत्रणावरचा फोटो कितीदा तरी पाहिला. केस पिकलेत, पण तोच आहे.

दुष्काळातलं येरमाळ्याजवळचं तलावाचं काम. मी सुट्टीला येऊन तुझ्यासोबत खडी फोडते आहे. मजुरांसाठीचा पाण्याचा टँकर रोज सोसायटीच्या चेअरमनच्या उसाकडे वळतो. एका दुपारी तुम्ही बायकांनी टँकर अडवला आणि ओव्हरसियरला खडीच्या ढिगावर उन्हात बसवलं. तो पाणी मागायला लागला तशी तू म्हणालीस, "बसा की सायेब, उसाचं पोट भरलं की येतंय पानी." बायका पदरात तोंड घालून हसल्या. संध्याकाळी त्याला सोडून दिलं. तुमचं बंड एवढंच.

गावातल्याही बायका टँकरपुढं होत्या. सकाळी पोलिसांच्या गाड्या मात्र आपल्या बौद्धवस्तीतच आल्या. शिट्टी वाजली. तुम्हाला वाटलं, आज हजेरी इथंच घेणार. उशीर झाला की नाव लागत नसे, म्हणून तव्यावरची भाकरी मला बघायला सांगून तू धावलीस. तुम्ही आपणहून रांग धरलीत, हातात हातोडे, बोटांवर हातोडा बसू नये म्हणून चढवलेली सायकलच्या ट्यूबची रबरं. फौजदाराला कुणाला काही विचारावंच लागलं नाही. "रबरवाल्या बाजूला काढा," तो म्हणाला. रबरं काढायला लावून त्यानं त्याच बोटांवर काठी चालवली. मग घरोघरच्या रांजणात रॉकेल ओतायला लावलं. "पानीच पायजे व्हतं न्हवं?" त्या उन्हाळ्यात वस्तीला कामावर घेतलं नाही. तुझी दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मरेपर्यंत तू भाकरी तळहातानंच थापलीस.

परवा सगळ्या सभागृहासमोर मी हेच सांगणार आहे. हा न्याय की सूड, असं स्वतःला विचारून पाहिलं. सूडच आहे. त्याची मान खाली गेलेली मला बघायची आहे.

त्याची धाकटी मुलगी मी शिकवते त्या वर्गात आहे. गुणी आहे, माझ्यावर जीव लावते. तू असतीस तर हे मी तुला वाचून दाखवलं नसतं, "त्या लेकराचं काय चुकलं गं?" असं तू विचारलं असतंस. ती समोरच बसणार हे कळलं तेव्हा माझं मन डगमगलं नाही, माय. मला बरं वाटलं.