मढ्यावर सातबारा

मत्रह, मस्कत, गुरुवार

प्रिय रोशेल,

तीन दिवस तुझे फोन वाजतायत आणि मी उचलत नाही. बहिरी नाही झालेय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच. शेजारची पामेला उद्या वसईला निघतेय, तिच्या पर्समधून हे येईल.

तुझ्या नवऱ्याला मी सांगितलं होतं, इथली सोहार बंदरातली नोकरी सोडून येमेनच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायला जाऊ नकोस. पण तुला नव्या फ्लॅटचं वेड. तिथे दोन मोठे देश एका बाजूने लढले आणि आता बंदरासाठी एकमेकांच्या नरड्याला लागलेत. एकाने स्टॅन्लीला बंदरात शिरायचा पास दिला. दुसऱ्याच्या शिपायांनी तोच शिक्का बघून त्याला कोंडला.

दोघांचे साहेब इथे कुरुमच्या हॉटेलात बोलणी करतायत. तुझा सासरा झेवियर त्यांना कॉफी वाढतो. नऊ दिवसांत ठरलं काय, तर कुणाचा झेंडा उजवीकडे. झेवियरने हात जोडून पोराचं विचारलं. हे म्हणाले, बंदर त्यांच्या ताब्यात, त्यांना विचार. ते म्हणाले, ह्यांना विचार.

रविवारी त्यातल्याच एका साहेबाच्या ड्रायव्हरचा, हमझाचा, फोन आला. म्हणाला, माँजी, स्टॅन्ली खलास. आणि ठेवला. पस्तीस वर्षं इथे काढली मी. व्हिसा लागला, खलास. गॅस जोडला, खलास. इथे खलास म्हणजे काम झालं. वसईत शेंबड्या पोरालाही कळला असता तो अर्थ मला कळला नाही. मीच तुला कळवलं, सुटला म्हणून. तू आळीभर केक वाटलास, वर फोटो पाठवलेस.

सोमवारी झेवियर आला तो बुटांसकट जमिनीवर बसला. कोठडीवर बॉम्ब पडलाय. कुणाचा? हे म्हणतात त्यांचा, ते म्हणतात ह्यांचा.

आता नीट ऐक. तुला दोघांचेही कागद येतील. दोन्हींत एकच लिहिलंय, हा माणूस आमच्या हद्दीत मेला. जिवंत होता तेव्हा बंदर कुणाचंच नव्हतं. आता त्याच्या मढ्यावर दोघांना सातबारा पाहिजे. बायकोची सही ज्याच्याकडे, त्याचा दावा पक्का म्हणे. खरं-खोटं विचारत बसू नकोस. एवढंच विचार, त्याची पेटी आधी कोण पाठवतो. त्याच्या कागदावर सही कर. आणि करताना रडू नकोस. शाई फुटली तर नवा कागद मागवतील, तोवर तो तसाच पडून राहील.

तुझीच, शिव्या द्यायच्या तर मलाच दे,
आजी