डाव्या पायाचा पट्टा

लिहून ठेवणार खाजामियाँ वल्द फरीदसाब, वय वर्षे ६९, पूर्वीचा धंदा मोटरबोट चालवणे, हल्ली घरीच, राहणार इतवारा, नांदेड. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर थोडी अधू आहे, हात मात्र स्क्रू पिळण्याइतका अजून घट्ट आहे. कोणी धमकावलं नाही, कोणी चहा पाजून फितवलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मान हलवली, म्हणून माझ्यामागे काय कोणाचं ते आज राजीखुशीने लिहितो.

कलम १. घर दोन खोल्यांचं. ते मुलगी जेबा आणि बहीण वहिदा यांच्यात शरीअतप्रमाणे वाटलं जाईल, त्यात मी लुडबूड करत नाही. त्याशिवाय जेबाला जी वस्तू वेगळी देतो आहे, तिला दुसरी वारस म्हणून वहिदाचा होकार लागतो, तो आहे व खाली सही आहे. सही करताना म्हणाली, "भाई, एका फळीसाठी स्टँप पेपर?" हो. एका फळीसाठीच.

कलम २. पाने, ड्रिल, भोकं पाडायचा पंच आणि रबर कापायची सुरी माझा दोस्त व्यंकटी याला. त्याचं ट्रकच्या टायरट्यूबचं दुकान आहे आणि पंधरा वर्षं त्याने मला जुन्या ट्यूबा पुरवल्या. सुरी ओल्या दगडावर लावावी, कोरड्यावर नाही. शंभरदा सांगून ऐकलं नाही, आता कायद्याने सांगतो.

कलम ३. फळी. म्हणजे वॉटर स्की. बोटीमागे दोरी धरून माणूस तिच्यावर उभा राहतो. ही एकट्या फळीची जात, दोन्ही पाय एकामागे एक. विष्णुपुरीच्या तलावावर विरूपाक्ष साहेब नावाचे इंजिनिअर ठेकेदार अमृतराव यांच्या बोटीमागे रविवारी ती चालवत. बोटीवर मी. १९९० साली साहेबांची बदली झाली तेव्हा फळी मला देऊन गेले.

१९९३च्या सप्टेंबरात माझी बायको कहकशां किल्लारीकडे मामाच्या घरी गेली होती. जेबा सात वर्षांची, तापाने फणफणलेली, म्हणून माझ्यापाशी राहिली. भूकंपात ते घर बसलं. कहकशां आली नाही. त्यानंतर वर्षभर पोर छताखाली झोपेना. जमिनीवर पाऊल टाकायचं तरी आधी अंगठ्याने चाचपून बघायची. एक दिवस तिला बोटीत नेली, तर तिथे गाढ झोपली. उठल्यावर म्हणाली, "अब्बा, पाणी हललं तर हलू दे. ते हलणारच." त्या दिवशी मी ठरवलं की हिला पाण्यावर उभी करायची.

बाराव्या वर्षी ती फळीवर उभी राहिली. डावा पाय पुढे. पायाला साबणाचं पाणी लावून रबरी पट्ट्यात सरकवायची आणि ओरडायची, "चलो अब्बा!" मी पुढे बघायचं सोडून मागे बघत बोट हाकायचो, दोनदा काठाला धडकलो. त्या चार वर्षांइतका सुखी मी आधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

२००२ साली दहावीला नव्वदच्या वर मार्क पडले. लातूर, लातूर, जो तो एकच बोलून राहिला. अमृतरावांचा मुलगा तिकडेच क्लासला होता. अमृतराव म्हणाले, "मियाँ, पोरगी सुट्टीत येईल आन् पाण्यावरच ऱ्हाईल. पट्टे काढून ठेव." मी काढले. पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. बसमध्ये चढताना जेबा म्हणाली, "अब्बा, फळीला जपा हां." मी हो म्हणालो. किल्ली माझ्या खिशात होती.

सुट्टीतही क्लास चालायचे, ती आलीच नाही. दोन वर्षांनी डॉक्टरकीला नंबर लागला. घरी आली, हातही धुतले नाहीत, "पट्टे कुठं?" मी पेटी उघडली. दोन उन्हाळे तो पत्रा तापला होता. रबर वितळून एकमेकाला चिकटलं होतं, ओढलं तर तुकडे पडले. तिने एक तुकडा उचलला, परत ठेवला. म्हणाली, "रहने दो अब्बा." बस्स. त्यानंतर फळीचं नाव तिने काढलं नाही.

मी रहने दिलं नाही. मागच्या पायाला पंजा सरकेल असा पट्टा एका दमात जमला. पुढचा जमेना. सैल झाला तर पाय निघतो, आवळ झाला तर पडताना निघत नाही आणि घोटा जातो. ट्यूबचा केला, फार ताणला. दोन थरांचा केला, दगड झाला. मुंबईहून तयार मागवला, तो पहिलवानाच्या मापाचा आला. दर वेळी नवी भोकं, जुनी चिकटवून बुजवायची. व्यंकटी म्हणायचा, "लई भोकं पाडून राहिलास. फळी हाय का चाळणी?" सात पट्टे केले. सगळे सोळा वर्षांच्या पोरीच्या मापाचे.

जेबा आता नागपूरला लहान मुलांची डॉक्टर आहे. ईदला दोन दिवस येते, औषधं देते, माझं बीपी बघते. मागच्या ईदला तिचा बूट उचलून तळ मोजत होतो, तेवढ्यात ती बाहेर आली. मी फडक्याने पुसायला लागलो. तिला विचारायला मला तोंड नाही. आणि बुटाचं माप पट्ट्याला चालत नाही, उघडं पाऊल लागतं.

कलम ४. वर लिहिलेली पत्र्याची पेटी, रिकामी, किल्लीसकट, अमृतरावांना. सल्ला त्यांचा होता. हात माझे होते, हेही लिहितो. चूक माझीच आहे.

कलम ५. फळी जेबाची. पट्ट्याखाली ॲल्युमिनियमची नवी पट्टी बसवली आहे, तिला पुढेमागे सरकायची सोय आहे. आठव्या पट्ट्याचं रबर आणून ठेवलं आहे, कापलेलं नाही.

कलम ६. अशी लिखापढी माणूस गेल्यावर उघडतात. याची नक्कल मात्र व्यंकटीने जेबाला आजच पोस्टाने पाठवावी. बेटा, सोबतचा कागद फरशीवर ठेव. डावं पाऊल उघडं ठेव, पूर्ण भार दे आणि पेन्सिल उभी धरून कड काढ. बसून काढू नकोस, बसल्यावर पाऊल लहान भरतं. मी असेन तर मी कापेन, नसेन तर व्यंकटी कापेल. कागद तू स्वतः आणलास तर मला पोस्टमनची वाट बघावी लागणार नाही.

वाचून, समजून सही केली.

खाजामियाँ वल्द फरीदसाब
संमती: वहिदा
साक्षीदार: १. व्यंकटी, टायरट्यूबवाले २. फरहान, शेजारी
नांदेड, दिनांक ५ मार्च २०१९

सोबत: कोरा कागद एक, पेन्सिल एक.