ऐंशी काड्यांची रोजची तपासणी

५ डिसेंबर १८६४, अकोला
परसाभोवतीची बोराटीची कुपाटी आज उपटून जाळली. अंघोळीचं पाणी मस्त तापलं. मोजणी कचेरीच्या कारकुनाला काट्यांचं कुंपण शोभत नाही. साहेबाच्या कंपौंडला आहे तशी मेंदीची वई करणार. दोनशे काड्या आणल्या. बायको, माणिकबाई, म्हणाली, "अन् तोवर माह्ये वांगे कोन राखीन?" खामगावला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दारावरून जातात, बैल वाफ्यात तोंड घालतात, एवढंच. होळीपर्यंत छातीइतकी वई, असा शब्द दिला.

६ डिसेंबर
ऐंशी काड्या दोरी धरून लावल्या. ओळ पाहून ऊर भरून आला. उरलेल्या न्हाणीमागच्या चिखलात खुपसल्या.

९ डिसेंबर
शेजारचा नत्थुजी माळी म्हणतो, "काडी लावली का तिले इसरून जा, भाऊ." विसरून जा! तपासणी म्हणजे काय, हे माळ्याला काय ठाऊक? पाच उपटून पाहिल्या. मुळं नाहीत. परत खोचल्या.

१६ डिसेंबर, सकाळी ७
आता रोज ऐंशीच्या ऐंशी उपटून पाहतो. मुळं शून्य. शिस्त उत्तम.

२ जानेवारी १८६५
एक्केचाळीस वाळल्या. दोष थंडीचा. बैलांनी अर्धा वाफा खाल्ला. माणिकबाई बोलत नाही. घरात छान शांतता आहे.

१२ जानेवारी
संक्रांत. माणिकबाईने न्हाणीमागच्या काड्या वाण म्हणून लुटल्या! आळीतल्या बायकांना दहा-दहा. म्हणे फुटल्या होत्या. न विचारता, न तपासता! एकही जगणार नाही. मुळं बघायचं त्या बायकांना सुचणारच नाही.

१२ मार्च
होळी. माझी एकही काडी उरली नाही. पावसाळ्यात पुन्हा लावीन. निश्चय: तपासणी दिवसाआड.

२० ऑगस्ट
निश्चय मोडला, पण मूळ दिसलं! केसाएवढं. दाखवायला काडी कचेरीत नेली. दिवसभर टेबलावर ठेवली. सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळी वाळली.

१० डिसेंबर
आळीत दोन्ही बाजूंनी कमरेइतकी मेंदी. काड्या माझ्या, म्हणजे वई माझीच. नत्थुजीला तसं सांगितलं. "हो भाऊ," म्हणाला आणि हसत सुटला. माणिकबाईने यंदा वांगी त्याच्या वईआड लावलीत. थोडं वाईट वाटलं. दुपारी आमच्या दारात एक गाडीवान मागच्याला ओरडून सांगत होता, "बैल इथंच सोड बे, साऱ्या आळीत येवढीच जागा मोकळी हाय!"