बॅटरी कशात गुंडाळावी

अणदूर,
ता. १९ फेब्रुवारी १९६२

जनाब गफारभाई यांना मुनवरचा सलाम.

इकडं मी खैरियतीत आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? दुकानात गाडीखाली शिरताना पोतं अंथरत जा, फरशीची ओल हाडात जाते. भाभींना सलाम सांगा. तुमची बहीण रजिया नऊ दिवसांपासून तुमच्याकडं आहे, तीही ठीकच असेल. ती घर सोडून का आली हे तिनं सांगितलंच असेल, तेव्हा त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. पत्राचं कारण फक्त बॅटरी.

तर बॅटरी. तुमच्या मुलीच्या शादीहून निघताना तुम्ही मला ते भोकं पाडायचं मशीन दिलंत (भंगारातली मोटर काढून तिला गिरमिट बसवणं, हे डोकं येरमाळ्यात तुमचंच) आणि म्हणालात, अणदूरला विजेचा खांब येईस्तोवर तू म्हातारा होशील, ही बॅटरी घे आणि कुठंही चालव. वर चार गोष्टी बजावल्यात: बॅटरी आडवी करू नकोस, तिच्याजवळ बिडी ओढू नकोस, दोन्ही टोकांवर लोखंड टेकवू नकोस, आणि आत तेजाब आहे, ते कापडाला लागू देऊ नकोस. मी चारही नीट ऐकल्या. माझ्यासारखा ऐकणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही.

आडवी केली नाही. येरमाळ्यापासून, मध्ये गाडी बदलून, मांडीवर उभी धरून आणली. दोन दिवस मांड्या माझ्या नव्हत्या. बिडी (कंडक्टरनं आपणहून पुढं केलेली) ओढली नाही. लोखंडाचं मात्र एकदा झालं. महांतप्पांच्या नव्या घराच्या चौकटीला भोकं पाडत होतो, निम्मी आळी बघायला उभी, आणि पेचकस जरा बाजूला ठेवावा म्हणून दिसली त्या सपाट जागेवर ठेवला. ती जागा म्हणजे बॅटरी. असा जाळ उडाला म्हणता! महांतप्पा ओट्यावरून खाली आले ते एकाही पायरीला पाय न लावता. पेचकसाचं टोक वितळलं. माझं बोट वाचलं, कारण हातात अंगठी नव्हती (ती रजियानं सकाळीच काढून ठेवायला लावली होती. तिचं नाव निघालं ते केवळ ओघात).

राहिलं कापड. आता तुम्हीच सांगा, एवढी मोलाची वस्तू खडखडत्या गाडीत कुणी उघडी आणील काय? रजिया पुढं बायकांत बसून बोलत होती, तिचं गाठोडं माझ्यापाशी, आणि त्यात अगदी वर ती हिरवी इरकल, तुम्ही शादीत तिला दिलेली. मऊ होती. गुंडाळली. उतरायच्या आधी घडी घालून जागच्या जागी ठेवली, एक डाग दिसत नव्हता. (तेजाब लई सोशिक असतं, भाईजान. लागल्या लागल्या काही बोलत नाही.)

पहिल्या धुण्याला बोललं. रजिया ओढ्यावरून आली ती साडी दोन्ही हातांवर घेऊन, आणि साडीतून मला तिची कोपरं दिसत होती. मी म्हणालो, कसर लागली असेल. तिनं एका भोकातून बोट काढून दाखवलं. मी म्हणालो, तू आपटतेसच लई जोरात. तेव्हा तिनं साडी भुईवर पसरली आणि बॅटरी उचलून (पंधरा शेर तरी असेल, रागात माणसाला वजन कळत नाही) मधोमध ठेवली. भोकं चारी बाजूंनी बरोबर तिच्या कडेनं. "कसर चौकोनी खाती व्हय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, खात असेल, मी काय कसरीचा मास्तर आहे? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघून गेली.

असो. बॅटरी आता उतरली आहे आणि महांतप्पांची दारं अडली आहेत. सिदू ड्रायव्हरच्या हाती ती पाठवतो, भरून लवकर परत पाठवा. तिच्यासाठी लाकडाची पेटी केली आहे. आतून डांबर लावलंय, झाकणाला हवेपुरती भोकं ठेवलीत, आत एक चिंधीसुद्धा नाही. शेजारच्या नागूबाई मला भाकरी देतात आणि प्रत्येक भाकरीबरोबर विचारतात, रजिया कधी यायची? मी म्हणतो, बॅटरी भरली की.

तुमचा,
मुनवर

ता. क. बॅटरीची घाई नाही. महांतप्पांची भोकं मी हातानंच पाडतोय.

दुसरा ता. क. रजियाला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुम्ही ओसरीत मोठ्यानं वाचत असणार आणि ती आतून ऐकत असणार. इथं आवाज बारीक केला असेल तर पुन्हा चढवा. साडीत बॅटरी मी गुंडाळली. कसर नव्हती, तिचं आपटणंही नव्हतं. आणि मला हे चौकोन बघून कळलं असंही नाही. गाडीत घडी घालतानाच हाताला ओल लागली होती. ती मी पायजम्याला पुसली. त्या दिवसापासून तो पायजमा मी धुतलेला नाही.

तिसरा ता. क. रजिया, घर खायला उठतंय. खोटं बोलायलासुद्धा समोर कुणी नाही. शुक्रवारी दुपारच्या गाडीला मी फाट्यावर उभा आहे, शनिवारीही उभा राहीन. तरी आली नाहीस, तर रविवारी तो पायजमा ओढ्यावर स्वतः आपटून धुतो, आणि तोच घालून येरमाळ्याला तुझ्या दारात येतो. बघू देत सगळ्या गल्लीला.