मास्तरांच्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, व्यवसाय सभांतून भाषणे देणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासून तसे सांगितले. शिवाय माझ्याशी वाद घालून त्या हरल्या, हा दुसरा पुरावा. कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते येणेप्रमाणे.

कलम पहिले. माझी सर्व पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे, ते खोडू नये.

कलम दुसरे. माझा कर्णा वाचनालयाच्या अध्यक्षांना द्यावा. भर सभेत त्यांनी माझा माईक बंद करायला लावला होता. त्यानंतर मी नुसत्या गळ्याने बोलले आणि शेवटच्या रांगेला ऐकू गेले. कर्ण्याची गरज मला नव्हे, त्यांना आहे.

कलम तिसरे. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीच्या मुलीला. बहीण गेल्यावर ती माझ्याजवळच वाढली. उंच इमारतींच्या बांधकामावर ती क्रेन चालवते. तिथे तिला सगळे घार म्हणतात. ही घार रोज सकाळी शिडीला हात लावण्याआधी सुरक्षेचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळते ते भीतीपोटी, हे फक्त मला ठाऊक आहे.

कलम चौथे, खुर्चीविषयी. माझे दिवंगत यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते मनावरचे उपचार करीत. मागच्या खोलीत एक स्टूल आणि समोर वेताची रिकामी खुर्ची. आलेल्याने स्टुलावर बसायचे, आपली भीती, राग किंवा दुःख समोरच्या खुर्चीत बसले आहे असे समजून त्याच्याशी बोलायचे आणि निघताना ते तिथेच सोडून यायचे. लोक हलके होऊन जात. मी चिडत असे. म्हणत असे, "अहो, भावना म्हणजे काय चप्पल आहे, दाराशी काढून ठेवायला?" ते हसून म्हणत, "तू सभेत लोकांना चेतवतेस, मी इथे विझवतो. घर त्यावरच चाललंय."

पुढे ते स्वतःच स्टुलावर बसू लागले. आधी राग ठेवून आले. आमची भांडणे संपली आणि घर ओसाड वाटू लागले. मग भीती ठेवली, मग हौस. शेवटी शेवटी ते भरल्या ताटासमोर नुसते बसून राहत.

"भूक नाही का?"

"आहे."

"मग जेवा की."

"कशासाठी?"

विचारण्यात दुःख नव्हते, तक्रार नव्हती. मैदानेच्या मैदाने पेटवणाऱ्या मला या एका माणसासाठी एक शब्द सापडला नाही. माणूस विचाराने चालतो असे ज्यांना वाटते त्यांनी मास्तरांना पाहायला हवे होते. विचार शेवटपर्यंत शाबूत होता. त्याला पुढे ढकलणारे काही उरले नव्हते. दाखल्यावर हृदय बंद पडले असे लिहिले आहे. मी म्हणते, धडधडण्याला काही कारण उरले नाही.

त्या खुर्चीत आजवर कोणी बसलेले नाही. तरी तिच्या विणकामाला झोळ पडत जातो. सुताराने दोनदा ताणून दिले. दुसऱ्यांदा तो हात पुसत म्हणाला, "बाई, बसणाऱ्याचं वजन फार आहे." भुताखेतांविरुद्ध मी जन्मभर बोलले, इथेही बोलते: भूत नसते. पण बैठकीवर तळवा ठेवला तर ती ऊबदार लागते. निष्कर्ष काढत नाही, आहे ते सांगते.

भाची मागे लागली होती. "मावशी, एकदाच बसू दे ना स्टुलावर. नुसती उंचीची भीती ठेवून येते."

"तीच तुझा पट्टा बांधते, गधडे."

"रागावतेस काय, मागितलंच फक्त."

म्हणून सुताराने ती खुर्ची मोडून जाळावी.

कलम पाचवे, दुपारी लिहिलेले. कलम चौथ्यातला शेवटचा हुकूम रद्द. खुर्ची जाळू नये.

सुतार भाचीच्याच बांधकामावर असतो. तो धावत आला. जेवणाच्या सुट्टीत भाची क्रेनच्या आडव्या हातावर चालत होती. पट्टा नाही, हात खिशात. खालून सगळे ओरडत होते, तिने वाकून पाहिलेही नाही. त्याने तिला कशीबशी उतरवून घरी आणले.

"मागच्या खोलीत गेली होतीस?"

"हो. किल्ली तुझ्याच डब्यात असते."

"पडली असतीस."

"हो," ती म्हणाली. मी जणू किती वाजले विचारले होते.

"घर तुला देणार नाही."

"बरं."

मृत्युपत्र चालते ते माणसाला काही हवे असते म्हणून, आणि भाषणही त्याच्याच जोरावर चालते. भीती गेली, तसे तिला आता काही हवेही नाही आणि नकोही नाही. परत स्टुलावर बसून भीती माग म्हटले, तर ती बसेल, पण मागणार नाही. मागायला आधी धास्तावावे लागते. उद्या ती पुन्हा वर जाईल आणि मी तिला जिन्यापाशीही अडवू शकणार नाही.

तेव्हा स्टुलावर नव्हे, खुर्चीत बसायचे. तिथे कोणी बसून पाहिलेले नाही. मी बसणार आहे, आणि तिची भीती शोधून तिला परत देणार आहे. तिची भीती मला ओळखता येते; लहानपणी ती माझ्याच कुशीत कापत असे. आत अनोळखी माणसांचे पुष्कळ काही साचले असेल, मास्तरांचेही. असू दे. गर्दीपुढे उभे राहण्यात माझे आयुष्य गेले आहे.

माझे काही बरेवाईट झाल्यास कलम तिसरे कायम. ती घाबरेपर्यंत सुताराने तिला शिडीला हात लावू देऊ नये.

(सही)
ठिकाण: मागच्या खोलीच्या दाराबाहेर
तारीख: आजची, ऊन उतरताना

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). लिहिणारी पूर्ण शुद्धीवर होती. माझी हरकत तिने फेटाळली.

साक्षीदार: सुतार (सही). बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आत जाऊन दार लावले. बराच वेळ त्या सभेत बोलतात तशा बोलत होत्या. आता आवाज येत नाही. भाचीने माझा हात घट्ट धरला आहे आणि सोडत नाही. ती म्हणते, मला भीती वाटते, मावशीला बाहेर काढा. आम्ही दार ढकलतो आहोत. आतून कोणीतरी जड टेकून बसले आहे.